वेब-प्रतिसादाचे हेडर आणि देवनागरी अक्षरे

छत्तीसगढची राजधानी असलेल्या रायपूर शहरात समता कॉलोनी आणि तिला लागून असलेली चौबे कॉलोनी या वस्त्यांच्या परिसरात मराठी कुटुंबांचे वास्तव्य जुने आहे. त्याला इतिहासाचा आधार आहे. हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाल्यानंतर, ते थेट १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत, रायपूरचा प्रशासकीय कारभार नागपूर या राजधानीशी जोडलेला राहिला. नोकरी, वकिली, शिक्षण आणि रेल्वे या निमित्ताने विदर्भातून अनेक घराणी येथे आली. त्यांतील काहींची शेती मात्र अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत राहिली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले. या कुटुंबांच्या निवासाचा खसरा आणि बी-वन आता 'भुइयां' या संगणकीय भूअभिलेख प्रणालीत, तर वडिलोपार्जित शेतीचा सातबारा महाराष्ट्राच्या प्रणालीत, अशी स्थिती आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध झाल्यामुळे उताऱ्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्याची गरज तत्त्वतः उरलेली नाही.

'तत्त्वतः' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समता कॉलोनीतील एक विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहे. आजोबांच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी दोन ठिकाणच्या जमिनीची कागदपत्रे तिला एका संकेतस्थळावरून उतरवून घ्यावयाची आहेत. वर्ध्याच्या जमिनीचा कागद उतरतो, परंतु फाइलच्या नावाच्या जागी काही आकडे आणि निरर्थक चिन्हे दिसतात. अमरावतीच्या जमिनीसाठी कळ दाबताच ब्राउझर इंग्रजीत त्रुटीचा संदेश दाखवितो आणि पडदा कोरा राहतो. शुल्क भरले गेले आहे. पुन्हा प्रयत्न केला तरी तोच अनुभव येतो. इंटरनेटची गती उत्तम आहे, कागदातील मजकूरही निर्दोष आहे. तरीही एक जिल्हा मिळतो आणि दुसरा मिळत नाही. हे कोणत्याही विशिष्ट कार्यालयाच्या संकेतस्थळाचे वर्णन नाही. परंतु अशी घटना तांत्रिकदृष्ट्या पूर्णतः संभवनीय आहे आणि तिचे कारण 'वर्धा' व 'अमरावती' या शब्दांच्या अक्षरांतच दडलेले आहे.

पत्र आणि लिफाफा

ब्राउझर सर्व्हरकडे मागणी करतो आणि सर्व्हर प्रतिसाद पाठवितो. हा व्यवहार ज्या नियमांनी चालतो त्यांना एचटीटीपी म्हणतात. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेल्या पहिल्या रूपात प्रतिसाद म्हणजे केवळ मजकूर होता. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चे दस्तऐवजीकरण झाले तेव्हा प्रतिसादाचे दोन भाग रूढ झालेले होते : आधी हेडर आणि नंतर प्रत्यक्ष मजकूर. हेडर म्हणजे लिफाफ्यावरील लिखाण होय. आत काय आहे, ते किती मोठे आहे, ते पडद्यावर दाखवावयाचे की फाइल म्हणून साठवावयाचे, साठवावयाचे असल्यास कोणत्या नावाने, अशा सूचना त्यात एकेका ओळीत असतात. प्रत्येक ओळीत आधी सूचनेचे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग सूचनेचे मूल्य असते. ओळ संपल्याचे दर्शविण्यासाठी दोन अदृश्य चिन्हे असतात. टंकलेखन यंत्राच्या काळातील 'गाडी मागे आणा' आणि 'कागद एक ओळ सरकवा' या आज्ञांचीच ती वंशज आहेत. त्यांचे संकेतांक अनुक्रमे १३ आणि १० आहेत. एक संपूर्ण ओळ रिकामी आली की हेडर संपले आणि मजकूर सुरू झाला, असे ब्राउझर समजतो.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. प्रतिसादातील मजकूर कोणत्याही लिपीत असू शकतो. तो कोणत्या संकेतनात आहे हे सांगणारी 'कॉन्टेन्ट-टाइप' नावाची ओळ हेडरमध्येच असते. परंतु ही ओळ केवळ आतील मजकुराविषयी बोलते. स्वतः हेडरला तिचा नियम लागू होत नाही. हेडरची भाषा आस्की या अमेरिकी प्रमाणकावर बेतलेली आहे. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या प्रमाणकात एकूण १२८ संकेतांक आहेत. त्यांपैकी ३३ नियंत्रण-चिन्हे आहेत आणि उरलेल्या ९५ मध्ये रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे व रिक्त जागा सामावतात. पुढे पश्चिम युरोपीय भाषांसाठी १२८ ते २५५ हे संकेतांक वापरात आले आणि एचटीटीपीने त्यांना जुन्या परंपरेने थारा दिला. मात्र २०१४ च्या आणि त्यानंतर जून २०२२ च्या सुधारित नियमांनी नवीन हेडरसाठी आस्कीच्या मर्यादेतच राहण्याची शिफारस केली आहे. बहुतेक नियंत्रण-चिन्हे मूल्यात अवैध आहेत. त्यांतही संकेतांक ०, १० आणि १३ ही तीन चिन्हे धोकादायक मानली गेली असून ती आढळल्यास प्रतिसाद नाकारावा अथवा त्या चिन्हांच्या जागी रिक्त जागा घालावी, असा २०२२ च्या नियमांचा दंडक आहे.

मराठी पत्र पाठविता येते, पण पत्ता मात्र रोमन लिपीत लिहावा लागतो, अशी ही व्यवस्था आहे.

२३०४ पासून पुढे

भारतीय लिप्यांसाठी संगणकीय प्रमाणक तयार करण्याचे काम आपल्याकडे बरेच आधी झाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेले जिस्ट तंत्रज्ञान तसेच भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये स्वीकारलेले इस्की हे प्रमाणक, ही त्याची प्रमुख फलिते होत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीच्या क्रमावर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. त्यांची सुरुवात २३०४ या संकेतांकापासून होते. ही संख्या म्हणजे बरोबर २५६ ची ९ पट आहे, आणि पुढील सर्व गुंतागुंत या योगायोगातून निर्माण होते.

संगणकाचा एक बाइट ० ते २५५ इतकेच मूल्य साठवू शकतो. २३०४ किंवा त्यापुढील संकेतांक एका बाइटात मावत नाही. तो पाठविण्याची योग्य रीत यूटीएफ-८ ही आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी तिची रचना केली. या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत जाते. ही तीन बाइटे ब्राउझरने तीन स्वतंत्र पश्चिम युरोपीय अक्षरे म्हणून वाचली की मराठी नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसू लागतो. त्याच्या शेजारी कधी चलनाचे सर्वसाधारण चिन्ह येते, तर कधी जपानी येनचे. व्यंजनांच्या वाट्याला पहिले येते. दीर्घ वेलांटी, उकार, एकार आणि हलन्त यांच्या वाट्याला येन येतो. येनच्या चिन्हांनी भरलेले फाइलचे नाव ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्यातील मूळ शब्द मराठी अथवा हिंदी असावा, हे आता ओळखता येईल. हा दोष कुरूप असला तरी फाइल बहुधा हाती पडते.

खरी हानी दुसऱ्या प्रकारात होते. काही प्रणाली हेडर लिहिताना असे गृहीत धरतात की प्रत्येक चिन्ह एका बाइटात मावणारच. मोठा संकेतांक आला की त्या २५६ च्या पटी टाकून देतात आणि केवळ बाकी ठेवतात. देवनागरीची सुरुवात २५६ च्या नेमक्या पटीवर असल्याने ही बाकी म्हणजे त्या अक्षराचे देवनागरी तक्त्यातील स्थान होय. 'र' चा संकेतांक २३५२. बाकी ४८, आणि आस्कीत ४८ म्हणजे शून्याचा आकडा. 'ल' चे २ होतात, 'ळ' चे ३, 'स' चे ८, 'ह' चे ९. 'म' चे पूर्णविरामाचे टिंब होते. 'य' ची तिरपी रेघ होते, 'प' चा तारा होतो आणि काना 'पेक्षा मोठे' या गणिती चिन्हात रूपांतरित होतो. 'रायपूर' हा शब्द अशा प्रणालीतून शून्य, 'पेक्षा मोठे', तिरपी रेघ, तारा, रोमन बी आणि पुन्हा शून्य असा बाहेर पडतो. अर्थ नष्ट झाला, तरी यांतील एकही चिन्ह अवैध नाही.

तक्त्यातील पहिल्या बत्तीस जागांची स्थिती वेगळी आहे. आस्कीतील पहिले बत्तीस संकेतांक नियंत्रण-चिन्हांचे आहेत. देवनागरीच्या तक्त्यात या जागांवर अनुस्वार, विसर्ग, अ पासून औ पर्यंतचे सर्व स्वर आणि क पासून ट पर्यंतची व्यंजने आहेत. त्यामुळे यांपैकी एकही अक्षर नावात असले तर बाकी काढल्यानंतर हेडरमध्ये नियंत्रण-चिन्ह उतरते. 'वर्धा' या शब्दात असे अक्षर नाही. 'अमरावती' चे पहिलेच अक्षर तसे आहे.

विदर्भाचे अकरा जिल्हे या कसोटीवर तपासून पाहणे उद्बोधक ठरते. वर्धा, यवतमाळ आणि वाशीम हे तीन जिल्हे विद्रूप होऊन का होईना, पार पडतात. अमरावती व अकोला आद्य 'अ' मुळे, नागपूर व गडचिरोली 'ग' मुळे, तर चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया अनुस्वारामुळे अडखळतात. बुलढाण्याची गोष्ट स्वतंत्र आहे. त्यात नियंत्रण-चिन्ह नाही. पण 'ब' ची बाकी ४४ म्हणजे स्वल्पविराम आणि 'ढ' ची बाकी ३४ म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह होते. फाइलचे नाव हेडरमध्ये अवतरणचिन्हांत ठेवण्याची पद्धत असल्यामुळे 'ढ' पाशी ते अवतरण मध्येच बंद होते. अवतरणचिन्हे घातलीच नसतील तर स्वल्पविराम घात करतो. नाव अवतरणाबाहेर असून त्यात स्वल्पविराम आला की फाइल साठविण्याविषयीच्या 'कॉन्टेन्ट-डिस्पोझिशन' या एकाच सूचनेच्या दोन सूचना झाल्या, असा अर्थ क्रोम ब्राउझर लावतो आणि सर्व्हरकडून दुहेरी हेडर आल्याचे सांगून पान उघडण्यास नकार देतो. इंग्रजी नावातही हा दोष उद्भवतो. त्यासाठी देवनागरीची आवश्यकता नाही. 'वार्षिक अहवाल, भाग दोन' अशा अर्थाचे साधे रोमन नावही त्याला पुरेसे असते.

सर्वांत गंभीर बाधा दोन अक्षरांची आहे. 'ऊ' चा संकेतांक २३१४ आहे. त्यातून २३०४ वजा केल्यास १० उरतात, म्हणजे नव्या ओळीची आज्ञा. 'ऍ' चा संकेतांक २३१७. बाकी १३, म्हणजे ओळसमाप्तीचे दुसरे चिन्ह. महाराष्ट्राच्या सहकारी अर्थव्यवस्थेचा कणा असलेल्या 'ऊस' या शब्दाने हेडरची ओळ मधोमध तुटू शकते, आणि उरलेला 'स' आठाच्या आकड्याच्या रूपाने पुढील ओळीवर जातो.

मराठीला आणखी एक विशेष बाधा आहे. 'शेतकऱ्यांची यादी' या शब्दसमूहातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित केला जातो. एका प्रकारात टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. या अदृश्य जोडचिन्हाचा संकेतांक ८२०५ आहे आणि ही संख्या २५६ ची ३२ पट अधिक १३ आहे. म्हणजे ओळसमाप्तीचे चिन्ह पुन्हा उपस्थित होते. एका लिपिकाने टंकित केलेली यादी आणि शेजारच्या लिपिकाने टंकित केलेली तीच यादी यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. हेडरच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे असतात. अशा वेळी दोष शोधणाऱ्यास 'हे कधी चालते, कधी चालत नाही' यापलीकडे काही सांगता येत नाही.

ब्राउझरचा कठोरपणा

एवढ्याशा चिन्हासाठी संपूर्ण प्रतिसाद नाकारणे अनाठायी वाटेल. त्याचे उत्तर सुरक्षेत आहे. ओळ तोडणारे चिन्ह हेडरमध्ये घुसविता आले तर त्रयस्थ व्यक्ती स्वतःची खोटी सूचना त्यात लिहू शकते. दोनदा ओळ तोडून हेडर अकाली संपविता येते आणि बनावट मजकूर खऱ्या संकेतस्थळाच्या नावाने दाखविता येतो. 'प्रतिसाद-विभाजन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हल्ल्याचे विवेचन अमित क्लाइन यांनी २००४ मध्ये केले. बाकी ठेवण्याच्या सवयीचा गैरफायदा घेता येतो हेही पुढे सिद्ध झाले. नोड डॉट जेएस या लोकप्रिय सर्व्हर-प्रणालीत युनिकोड अक्षरांच्या आडून ओळ तोडता येत असल्याचे आढळले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या प्रसृत कराव्या लागल्या. तेव्हापासून ती प्रणाली २५५ च्या पलीकडील कोणतेही अक्षर हेडरमध्ये लिहिण्यास स्पष्ट नकार देते. मराठी नाव तसेच दिल्यास 'हेडरमधील अक्षर अवैध' अशी त्रुटी सर्व्हरवरच उत्पन्न होते आणि नागरिकाला केवळ अंतर्गत बिघाडाचा ५०० हा क्रमांक दिसतो. जी सेवा कालपर्यंत विद्रूप नावाने का होईना चालत होती, ती प्रणाली अद्ययावत केल्यावर बंद पडते.

एचटीटीपीच्या दुसऱ्या पिढीबाबतही असेच घडते. इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एक असलेल्या जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये असे तत्त्व मांडले होते की पाठविताना काटेकोर राहावे आणि स्वीकारताना उदार राहावे. पहिल्या पिढीतील ब्राउझर या उदारतेने वागत आले. २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी-२ मध्ये आणि विशेषतः त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ही उदारता आखडती घेतली गेली. सूचनेच्या नावात रिक्त जागा अथवा मोठे रोमन अक्षर असले, मूल्यात ओळ तोडणारे चिन्ह असले, इतकेच नव्हे तर मूल्याच्या आरंभी वा शेवटी मोकळी जागा राहिली, तरी तो प्रतिसाद सदोष ठरतो. क्रोममध्ये अशा वेळी एचटीटीपी-२ च्या नियमभंगाचा संदेश येतो. पोस्टेल यांच्या तत्त्वाने इंटरनेटचा विस्तार सुकर केला यात शंका नाही. परंतु उदार स्वीकारामुळे सदोष पाठवणीचा खर्च दृष्टीआड राहतो आणि तो पुढे एकरकमी वसूल होतो, हेही तितकेच खरे आहे. अनुदानाच्या अर्थशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

उपाय जुना आहे

या प्रश्नाचे उत्तर ऑगस्ट २०१० मध्ये प्रमाणकाच्या रूपाने उपलब्ध झाले आणि जून २०११ मध्ये फाइलच्या नावांना ते लागू करणारा स्वतंत्र दस्तऐवज आला. पहिल्याची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०१७ ची आहे. उपाय असा : हेडरमध्ये नाव दोनदा द्यावयाचे. प्रथम साध्या रोमन अक्षरांत, जुन्या ब्राउझरसाठी. नंतर 'फाइलनेम' या शब्दापुढे तारा घालून यूटीएफ-८ मध्ये. पण बाइट थेट न लिहिता प्रत्येकासाठी टक्क्याचे चिन्ह आणि दोन आस्की अक्षरे लिहावयाची. अशा रीतीने लिफाफ्यावर केवळ रोमन अक्षरे व आकडे राहतात आणि ब्राउझर त्यातून मूळ देवनागरी नाव अचूक उभे करतो. 'सातबारा' या शब्दात काने धरून सात चिन्हे आहेत. त्यांचे एकवीस बाइट होतात आणि टक्केवारी-संकेतनात त्रेसष्ट अक्षरे लागतात. एवढाच याचा भार आहे. जून २०११ च्या त्या दस्तऐवजातील नमुना-नाव युरोचे चिन्ह असलेल्या दरपत्रकाचे आहे. युरोपला आपले चलन लिफाफ्यावर लिहिता येत नव्हते, हे त्या नियमामागील एक व्यावहारिक निमित्त म्हणता येईल. रुपयाचे चिन्ह भारताने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. त्यालाही हाच नियम लागू पडतो.

संकेतस्थळांच्या नावांबाबत हीच युक्ती निराळ्या रूपाने वापरली जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'डॉट भारत' या देवनागरी क्षेत्रनामाला जाळ्यावर 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असे रोमन रूप असते. सर्व्हरने ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठविताना 'लोकेशन' या हेडरमध्ये हेच रूप लिहिणे अपेक्षित आहे. कुकीमध्ये नागरिकाचे नाव देवनागरीत साठविणे हा असाच एक टाळता येण्याजोगा दोष आहे.

उपाय जुना आणि जवळपास विनाखर्च असताना दोष का टिकून राहतो, हा तांत्रिक नव्हे तर आर्थिक प्रश्न आहे.

त्याचे एक कारण संक्रमणाच्या इतिहासात आहे. २००० च्या दशकापर्यंत शासकीय कार्यालयांत मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटमध्ये टंकित होत असे. आतील संकेतांक रोमन अक्षरांचे आणि वरील मुखवटा मराठीचा, अशी ती व्यवस्था होती, आणि फाइलची नावे रोमनमध्येच ठेवण्याचा प्रघात होता. फाँट बदलला की मजकूर वाचता येत नसे, हा तिचा मोठा दोष. पण हेडरचा प्रश्न तेथे उद्भवतच नसे. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाणक अधिसूचित केले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या प्रमाणकांचे धोरण जाहीर केले. हे दोन्ही निर्णय योग्य होते. त्यांच्यामुळे मजकूर खऱ्या अर्थाने मराठी झाला, नावेही मराठी होऊ लागली, आणि तेव्हा लिफाफ्याची जुनी मर्यादा उघडी पडली.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. प्रणाली तयार करणारा चाचणी रोमन नावाने घेतो, कारण ते सोयीचे असते. वाचविलेल्या वेळेचा लाभ त्याला होतो; दोषाचा खर्च मात्र समता कॉलोनीतील विद्यार्थिनीवर पडतो. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. हा खर्च तिच्यापुरताही मर्यादित नसतो. ती जवळच्या चॉइस सेंटरमध्ये जाते, अर्धा दिवस मोडते, सेवाशुल्क पुन्हा देते. तेथील संगणकावरही तीच त्रुटी आल्यास अखेरीस रेल्वेने विदर्भ गाठण्यावाचून पर्याय उरत नाही. ज्या प्रवासाची बचत हे संगणकीकरणाचे प्रयोजन होते, तोच प्रवास पुन्हा करावा लागतो.

या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित पैलू नोंदीचा आहे. सर्व्हरने प्रतिसाद पाठविला की त्याच्या नोंदवहीत '२००', म्हणजे 'यशस्वी', असा शेरा पडतो. हेडरमधील दोषामुळे ब्राउझरने तो प्रतिसाद नंतर नाकारला, हे सर्व्हरला बहुधा कळत नाही. कार्यालयाच्या लेखी सेवा दिली गेलेली असते आणि नागरिकाच्या हाती काहीच नसते. छत्तीसगढमध्ये लोकसेवा गारंटी अधिनियम २०११ चा आणि महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा या दोन्ही कायद्यांचा गाभा आहे. सेवा कोणत्या क्षणी 'मिळाली' असे मानावयाचे, कागद सर्व्हरवरून निघाला तेव्हा की अर्जदाराच्या संगणकावर उघडला तेव्हा, हा प्रश्न अशा वेळी केवळ शाब्दिक राहत नाही. केवळ यशस्वी शेऱ्यांची बेरीज करून काढलेली सेवांची आकडेवारी या कारणाने वास्तवापेक्षा अधिक दिसण्याची शक्यता असते, आणि ती किती अधिक आहे हे त्या नोंदवहीतून कधीच कळू शकत नाही.

नागरिकाच्या हाती निदानाचे एक साधन आहे. बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबल्यास विकसकांसाठीचा कक्ष उघडतो. त्यातील 'नेटवर्क' या भागात प्रत्येक प्रतिसादाचे हेडर वाचता येते. फाइल उतरत नसेल आणि तेथे फाइलच्या नावाच्या ओळीत येनची चिन्हे, अवतरणाबाहेरचा स्वल्पविराम किंवा मध्येच तुटलेली ओळ दिसली, तर दोष इंटरनेट जोडणीचा नाही, हे निश्चित होते. तक्रारीसोबत त्या ओळीची प्रत आणि वेळ जोडली तर 'आमच्याकडे व्यवस्थित चालते' हे उत्तर देणे संबंधितांना अवघड जाते.

प्रणाली स्वीकारणाऱ्या विभागांसाठी चाचणीचा खर्चही नगण्य आहे. निविदेतील स्वीकृती-चाचणीच्या परिशिष्टात काही नावांची भर पुरेशी ठरते. विदर्भातील अकरा जिल्हे, 'ऊस नोंदणी', दोन्ही रीतींनी टंकित केलेली 'शेतकऱ्यांची यादी', स्वल्पविराम असलेले एक रोमन नाव आणि रुपयाचे चिन्ह असलेले एक दरपत्रक या सोळा फाइली क्रोम आणि फायरफॉक्स या दोन ब्राउझरमधून, एचटीटीपीच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही पिढ्यांवर, आपापल्या मूळ नावाने उतरल्या पाहिजेत. एकूण चौसष्ट वेळा कळ दाबावी लागते. एका कर्मचाऱ्याचे ते एका दुपारचे काम आहे.